मंगलाष्टकांचे पंधरा रुपये

"पंधरा रुपये? मंगलाष्टकांचे?" शंकररावांनी धाकट्या मुलीच्या, इंदुमतीच्या मांडवातच विचारलं. "लक्ष्मीकांत भिया, सरस्वतीचं दुकान कधी लावलंत?"

"नोकरी गेली तेव्हा." लक्ष्मीकांतने कोटाच्या खिशातला नव्या मंगलाष्टकांचा कागद बाहेर काढला नाही. "बँडला बयाना दिलात ना?"

"ते धंदेवाले. तुम्ही घरचे! शेला-नारळ देऊच की."

"शेले सात आहेत घरी. चूल नाही पेटत त्यांनी."

होळकरांचं संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि कचेरीच्या कपातीत त्याची कारकुनी गेली. वीस वर्षं मल्हारगंजातल्या मांडवामांडवात त्याने वधूवरांची नावं फुलांसारखी ओवली, फुकट. आज निघताना बायको शारदा एवढंच म्हणाली होती, "वाणी आता उधार देत नाही."

"मग राहू द्या!" शंकरराव तडकले. "थोरल्या उषाच्या लग्नातली आहेत, तुमचीच. नावं बदलून म्हणू."

अंतरपाट धरला गेला. भटजींच्या हातात तो जुना गुलाबी कागद, पेन्सिलीने खोडलेला. पहिलं कडवं निभलं. दुसरंही. लक्ष्मीकांत खांबाशी उभा होता. जायला पाय निघत नव्हता. पलीकडे, सगळ्यांच्या मागे, थोरली उषा. कपाळ कोरं, हातात अक्षता नाहीत. तिचा नवरा गोपाळराव जाऊन तीन वर्षं झाली होती.

भटजींनी तिसरं कडवं उचललं, "आली आज..."

लक्ष्मीकांत खांबापासून पुढे झाला. 'इंदुमती' बसवायची तर 'आज'ला वृत्तात जागाच उरत नाही. ही ओळ बदलायची राहून गेली होती. आता 'उषा' येणार, आणि मागोमाग 'गोपाळराया'. उषाने पदर तोंडाशी नेला. तिलाही ओळ पाठ होती.

"आली इंदुमती तुझ्या घरकुला, रे शामराया, पहा!"

त्याचा आवाज भटजींच्या आवाजावर चढला. भटजींनी कागद खाली केला. उरलेलं सगळं त्याने एकट्याने म्हटलं. सावधान! अक्षता पडल्या. उषा डोळे मिटून उभी होती.

पंगत बसताना शंकरराव शेला-नारळ घेऊन आले. "लाज राखलीत हो आमची."

"ती ओळ उषाची. त्या ओळीचे पैसे नकोत." त्याने खिशातला कागद काढला. "हा इंदूसाठी लिहिलाय. तुम्हीच सांगितला होतात. याचे पंधरा."

शंकररावांच्या हातातल्या शेल्यावर त्याने तो ठेवला. लक्ष्मीकांत नमस्कार करून दाराकडे गेला. तिथे बँडवाले मजुरीसाठी रांगेत उभे होते. तो शेवटी जाऊन उभा राहिला.

"बाबूजी, आप यहाँ?" क्लॅरनेटवाला दचकला.

"हो भिया. मीही वाजवलंय आज."

क्लॅरनेटवाल्याने वाद्य बगलेत मारलं आणि सरकून त्याला सावलीत जागा दिली.