गाण्याची तिसरी ओळ

सदानंद पाटकरांना आताशा ‘सुधारित’ या शब्दाचाच वीट आला होता. एका कोशासाठी ‘मल्याळम साहित्याचा विकास’ ही नोंद त्यांनी लिहायला घेतली, तेव्हा त्यांचे निम्मे केस तरी काळे होते. नोकरीत चार वर्षं कोझिकोडला काढली आणि तिथली भाषा शिकले, एवढाच त्यांचा गुन्हा. शिक्षा अकरा वर्षं चालू होती. संपादक बदलला की नोंद फुलपाड्याला त्यांच्या घरी परत येई आणि सदानंद पुन्हा चष्मा पुसून बसत.

चौथ्या संपादकाने दोनच शेरे मारले होते. नोंद आजपर्यंत आणा, हा एक. दुसरा असा, की पहिल्या पानावरच्या भातलावणीच्या गाण्याला आधार द्या, नाहीतर ते वगळा. हा दुसरा शेरा त्यांना झोंबला. वीस पानांतलं बाकी सगळं इकडचं तिकडचं वाचून लिहिलेलं. गाणं तेवढं त्यांनी स्वतः मिळवलेलं. तेच गेलं तर अकरा वर्षं कशासाठी घासली?

गाणं दिलं होतं मेरी सिस्टरनी. त्या मूळच्या त्रिशूरकडच्या. नर्स म्हणून वसईला आल्या, भुईगावात लग्न करून राहिल्या आणि आता निवृत्त होत्या. एक बस आणि दोन रिक्षा करून सदानंद त्यांच्या ओटीवर पोचले, तेव्हा त्यांना घोटभर पाणी पिण्याचंही त्राण नव्हतं.

“सिस्टर, हे गाणं तुम्ही कुठे ऐकलं ते सांगा. गाव, साल, काहीही.” त्यांनी कागद काढून आपलंच भाषांतर वाचलं. “पाऊस आला, रोपं काढा; मालक आला, कंबर वाकवा. एका खाचरातून उपटलं, दुसऱ्यात लावलं. रोपाला कोणी विचारलं का, इथलं पाणी गोड लागतं का?”

मेरी सिस्टर सुपातल्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

“पहिल्या दोन ओळी आईच्या,” त्या म्हणाल्या. “ती लावणीला जायची तेव्हा म्हणायची. तिसरी आठवेना. तुम्ही तेव्हा पेनचं टोपण काढून बसलेले. म्हटलं, माणूस एवढ्या लांबून आलाय, रिकामा कसा पाठवू? मग मीच घातली.”

रोपाला विचारणाऱ्या याच तिसऱ्या ओळीवर सदानंदांनी पाऊण पान लिहिलं होतं. शेकडो वर्षं मुक्या राहिलेल्या शेतकरी बायकांचा हुंकार, असं काहीबाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायचं म्हटलं तर तेवढीही ताकद उरली नव्हती.

“काढून टाका सर. माझं काय आहे त्यात?”

“कधी सुचली ही ओळ?”

“सुचायची काय? लग्न होऊन इथे आले तेव्हापासून डोक्यात होती. सासूबाईंना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. सांगणार कोणाला?”

सदानंदांनी पहिल्या पानावर तिसऱ्या ओळीवर काट मारली, खालचं पाऊण पानही खोडलं. शेवटचं पान उलटून, जिथे नोंद अकरा वर्षं अडकून पडली होती तिथे, त्यांनी नवा परिच्छेद सुरू केला. आजच्या मल्याळम कवितेत केरळबाहेर राहणाऱ्या स्त्रियांचीही रचना आढळते, असं लिहून खाली ती ओळ मेरी सिस्टरच्या नावाने उतरवली. चौथा संपादक ती ठेवील याची त्यांना खात्री नव्हती. पाचव्याशी भांडायला मात्र ते आता तयार होते.

“सिस्टर, जन्मसाल सांगा. कवीच्या नावापुढे कंसात द्यावं लागतं.”

मेरी सिस्टरनी पदराने डोळे टिपले.

“एकोणपन्नास,” त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या पानावर गाण्याखाली जागा मोकळी ठेवा सर. पहिल्या दोन ओळी आईच्या आहेत, तिचं नाव अजून घालायचंय.”