आर्डिसच्या चार ओळी

मित्रांनो, शाळेतली पाटी तुमच्या ओळखीची आहे. मी तिची रस्त्यावरची थोरली बहीण. अंगाने पत्र्याची, एके काळी पिवळीधमक, आता निम्मी गंजलेली. खाली दोन चाकं, डोक्यावर बाण, आणि पोटावर आडव्या चार खोबण्या. त्या खोबण्यांत एकेक अक्षर सरकवायचं आणि ओळ तयार करायची. खोबण्या चार म्हणून ओळीही चार. त्याहून जास्त बोलायची मला सोय नाही, आणि चार ओळींत किती नुकसान होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मिलवॉकीतल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. सुरुवातीची काही वर्षं मी एका फर्निचरच्या दुकानापुढे उभी होते. ते दुकान बुडालं, तेव्हा मार्विन क्वामे नावाच्या भल्या माणसाने मला आपल्या ट्रकमागे बांधून टॅमरॅक क्रॉसिंग या गावी आणलं. इथे हमरस्त्याला लागून त्याची आणि त्याच्या बायकोची, आर्डिसची, खानावळ होती. विस्कॉन्सिन राज्याच्या या भागात शुक्रवारी संध्याकाळी घरी कुणी चूल पेटवत नाही. तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, काळा पाव, असं सगळं गाव एकाच छपराखाली जेवतं. एकमेकांशी अबोला असला तरी शुक्रवार चुकत नाही. ‘शुक्रवारी मासे, सोबत चेरीची गोड पेस्ट्री’ एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत राहिले. कधी कुणाच्या नातवाचा जन्म, कधी कुणाची शाळा संपली. सुखाचे दिवस होते ते.

मार्विन गेला. पुढच्याच हिवाळ्यात आर्डिस बर्फावर घसरली आणि तिचा उजवा खांदा कायमचा अधू झाला. मग माझी अक्षरं लावायचं काम तिच्या धाकट्या भावाने घेतलं. त्याचं नाव लेलँड. त्याच्या गोठ्यात बासष्ट गाई होत्या. दर सोमवारी सकाळची धार आटोपली की तो यायचा, लांब काठी घ्यायचा, तिच्या टोकाच्या रबरी वाटीने एकेक अक्षर उचलून खोबणीत बसवायचा. हात इतका हलका की मला गुदगुल्या व्हायच्या.

आर्डिस गावच्या साप्ताहिकात एक सदर लिहायची. तिरकस लिहायची, पण लोक आवडीने वाचायचे. त्याच सुमारास कर्ट रॅडिगन शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभा राहिला. हा मूळचा रेडिओवर बोलणारा माणूस. देशभर तेव्हा अशा माणसांचं पीक आलं होतं, आमच्या वाट्याला हा आला. दुधाला भाव नव्हता, एकेक गोठा बंद पडत होता, हे खरंच होतं. रॅडिगन सांगायचा की हे सगळं परक्यांमुळे झालं, पेपरवाले ते लपवतात आणि तुमच्या बाजूचा या जगात मी एकटाच आहे. आर्डिसने त्याच्यावर लिहिलं. संपादक स्वतः भेटायला आला आणि माझ्याशेजारी उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, “आर्डिस, त्याचं नाव सोडून कशावरही लिही. भोपळ्यांवर लिही.”

तिने भोपळ्यांवर लिहिलं. तो भोपळा इतका रॅडिगनसारखा उतरला की पुढच्या आठवड्यापासून सदर बंद झालं.

“बरं झालं,” ती लेलँडला म्हणाली. “माझ्या दारात चाकं असलेला पेपर उभाच आहे.”

असा मित्रांनो, माझ्या अंगावर पहिला फटका चढला:

*दूध आटलं, दोष परक्यांचा,*
*पाऊस रुसला, दोष परक्यांचा,*
*रॅडिगनची पँट उसवली,*
*तोही दोष परक्यांचा.*

गाड्या थांबायला लागल्या. दुधाच्या टँकरचा चालक खिडकीतून मान काढून हसायचा. मला किती फुशारकी वाटली म्हणून सांगू. रॅडिगनने निवडणुकीआधीच मतचोरीची ओरड सुरू केली, तेव्हा दुसरा चढला:

*जिंकलो तर मतं खरी,*
*हरलो तर ती चोरी.*
*असल्या गड्याला पत्ते खेळायला*
*बोलावतं का कुणी घरी?*

आता गंमत ऐका. हे सगळं लावणारा लेलँड रॅडिगनच्या बाजूचा होता. त्याच्या अंगणात रॅडिगनचा फलक रोवलेला होता आणि त्याचं मतही त्यालाच जाणार होतं. तरी तो दर सोमवारी यायचा.

“अगं आर्डी, ही दुसरी ओळ लंगडते,” तो खालून ओरडायचा.

“लंगडू दे. तुझा रॅडिगनही लंगडाच आहे.”

“तो माझ्यासाठी भांडतो गं. दुसरं कोण भांडतंय?”

“आणि युसेबिओचं काय? त्यालाही घालवणार म्हणतो तुझा भांडकुदळ.”

युसेबिओ हा लेलँडकडचा धार काढणारा माणूस. मेक्सिकोतल्या वेराक्रूझचा. नऊ वर्षं लेलँडच्या गोठ्यात होता, प्रत्येक गाय त्याला नावानिशी माहीत. शुक्रवारी मालकाशेजारी बसून मासे खायचा.

“तो युसेबिओबद्दल बोलत नाही,” लेलँड शांतपणे म्हणायचा. “तो वाईट लोकांबद्दल बोलतोय.” आणि पुढचं अक्षर उचलायचा.

आर्डिसने मला एकदा सांगितलं होतं, म्हणजे स्वतःशीच बोलली होती, की सगळ्या जगाशी मी भांडेन, पण हा एक माझ्याजवळ राहिला पाहिजे. तिला मूलबाळ नव्हतं. लेलँडची बायको कधीच गेली होती आणि मुलगी दूर ॲरिझोनात. दोघं एकमेकांना तेवढीच उरली होती.

रॅडिगन निवडून आला. खानावळीतली काही शुक्रवारची टेबलं रिकामी पडायला लागली. कुणी माझ्यावर अंडी फेकली. लेलँडने ती पुसली आणि म्हणाला, “निदान तळून तरी फेकायची.”

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गुरांचं खाद्य आणायला गेलेल्या युसेबिओला शेरीफच्या माणसाने अडवलं. गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता, आणि त्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता; या देशात राहायचे कागद नसल्याने तो त्याला मिळणारच नव्हता. जिल्ह्याच्या तुरुंगातून त्याला परस्पर, परक्यांना देशाबाहेर धाडणाऱ्या केंद्राच्या लोकांच्या हवाली केलं, आणि तीन आठवड्यांत तो वेराक्रूझला पोचलाही. लेलँड चांगला कोट घालून रॅडिगनला भेटायला गेला होता. रॅडिगनने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, कायदा म्हणजे कायदा. लेलँड एकाहत्तर वर्षांचा होता. दिवसातून दोनदा बासष्ट गाईंची धार त्याच्याने एकट्याने होईना. त्याने माणूस शोधला, कुणी मिळालं नाही. सप्टेंबरात गाई विकल्या. त्यांना घेऊन जाणारे ट्रक माझ्यासमोरून गेले.

त्यानंतरच्या सोमवारी तो आला. काठी हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. आर्डिस पायरीवर होती.

“काल गोठ्यात बसलो होतो,” तो म्हणाला. “रिकामाच आहे ना आता. बालदीवर बसलो आणि रडलो. तास-दीड तास. बाबा गेले तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. कुणाला सांगू नकोस.”

“कुणाला सांगणार मी?” आर्डिस म्हणाली, आणि डाव्या हाताने त्याची कॉलर सारखी केली.

मित्रांनो, इथपर्यंत मला सगळं अभिमानाने सांगता येतं. पुढचं सांगताना माझा पत्रा अजून थरथरतो.

ऑक्टोबर आला. पुन्हा निवडणूक. लेलँडच्या अंगणातला रॅडिगनचा फलक अजून तिथेच उभा आहे, असं कुणीतरी आर्डिसला सांगितलं. तो मुद्दाम ठेवला होता की काढायचं त्राण त्याला उरलं नव्हतं, कुणास ठाऊक. तिने विचारलं नाही. चार वर्षं गिळलेला सगळा संताप तिला एका दुपारी चढला आणि तिने खानावळीच्या ऑर्डर लिहायच्या कागदामागे चार ओळी लिहिल्या. कवीला चांगली ओळ सुचली की ती टाकवत नाही, हा त्या जातीचाच दोष आहे. सोमवारी तिने तो कागद लेलँडच्या हातात दिला आणि आत निघून गेली. तिला वाटलं असेल, तो कागद चुरगाळेल, आत येऊन ओरडेल, मग दोघं भांडतील आणि कॉफी पितील.

लेलँडने कागद वाचला. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला. मग त्याने काठी उचलली.

*परके घालवा, म्हणाला मालक,*
*मत दिले त्याने हसून;*
*गाई विचारती, धार कोण काढील?*
*मालक रडतो बसून.*

एकेक अक्षर त्याने नेहमीसारखं हलक्या हाताने लावलं. शेवटच्या ओळीत एक अक्षर वाकडं बसलं, ते त्याने काढून सरळ लावलं. मी नाही म्हणू शकत नाही, मित्रांनो. माझ्या अंगावर जे लावतात ते मी बोलते. त्या दिवशी खोबणी तुटावी म्हणून मी किती जोर केला असेल. लेलँड चार पावलं मागे गेला, सगळं नीट बसलंय का ते पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि आत न जाता गाडीत बसून गेला.

गावात मालक कोण, हे सांगायला कुणी लागलं नाही.

त्या ओळींचा फोटो कुणीतरी काढला आणि तो देशभर फिरला. मोठमोठ्या शहरांतून आर्डिसला पत्रं आली. कुणा प्राध्यापकाने लिहिलं की असला टोकदार उपहास बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता. एकाला तो कॉफीच्या कपांवर छापायचा होता. आयुष्यात तिचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि माझंही. रॅडिगननेही तो फोटो पाहिला. रेडिओवर त्याने त्या चार ओळी सावकाश वाचून दाखवल्या आणि म्हणाला, “ऐकलंत? तुमच्या गाई गेल्या की हे शहाणे लोक हसतात. मी तुमच्यावर कधी हसलोय का?” खानावळीचं दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. आत आर्डिसने रेडिओ बंद केला.

तो पुन्हा निवडून आला. आमच्या गावातून त्याला पहिल्यापेक्षा जास्त मतं पडली.

ओळी लागल्या त्या शुक्रवारी लेलँड आला नव्हता. पुढच्याही नाही. आर्डिस त्याचं ताट काढून ठेवायची, दार वाजलं की मान वळवायची. ओळी काढायला तिचा उजवा हात उचलत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे चूक कबूल करणं. मी बर्फ पडेपर्यंत तेच बोलत राहिले. डिसेंबरच्या वादळात अक्षरं गळून पडली, तेव्हा कुठे मी सुटले.

“येईल,” ती स्वैपाकिणीला म्हणायची. “मार्विनच्या क्वामे लोकांसारखा मनात धरून बसणारा नाही तो, आमच्या बापाचा मुलगा आहे. राग उतरला की आपण होऊन येतो.”

फेब्रुवारीच्या शेवटी लेलँड आपल्या घरी स्वयंपाकघरात कोसळला. टपाल घेऊन येणारीला तो दुसऱ्या दिवशी मेलेला सापडला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी झाली, लोक आर्डिसला भेटले, कुणीही त्या चार ओळींचा विषय काढला नाही. आमच्याकडे दुःखात असं गप्प राहणं सभ्यपणाचं समजतात. मला वाटतं, एखाद्याने तोंडावर शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

आठवड्याने तिचा फोन वाजला. आत फोनला आवाज नीट येत नाही, म्हणून ती माझ्याजवळच्या पायरीवर येऊन बसली. तिला कमी ऐकू येतं, फोनचा आवाज ती मोठा ठेवते. बोलणारा युसेबिओ होता.

“आर्डिसबाई, मालक गेले हे आज कळलं. मला कुणी सांगितलं नाही.”

“माझं चुकलं, युसेबिओ. मी सांगायला हवं होतं.”

“मालक दर रविवारी फोन करायचे. थंडीत आवाज बारीक झाला होता त्यांचा. तुमच्या पाटीचा फोटो त्यांनी मला पाठवला होता, मी तो ठेवलाय.”

आर्डिसने डावा हात माझ्या चाकावर ठेवला.

“खाली लिहिलं होतं, माझ्या बहिणीनं लिहिलंय. खरं लिहिलंय. म्हणाले, तुला परत आणायला कुठे अर्ज करायचा ते आर्डीला विचारतो, तिला असल्या गोष्टी कळतात. दर रविवारी मी विचारायचो, विचारलंत का मालक? ते म्हणायचे, थांब जरा. ती माझ्यावर रागावली आहे. तिचा राग उतरला की जातो.”

फोन बंद झाल्यावरही ती तशीच बसून राहिली. आत कुणीतरी तिला हाक मारत होतं.

मित्रांनो, आर्डिस अजून लिहिते. रॅडिगन अजून शेरीफ आहे, तेव्हा लिहायलाच हवं. अक्षरं ती आता स्वतः डाव्या हाताने लावायला शिकली आहे, हात पोचतो तेवढ्या खालच्या दोन ओळींत. तुम्हीही लिहा. जो व्यासपीठावरून भीती विकतो त्याला पोटभर हसा, घाबरू नका, त्याला हसणंच सहन होत नाही. पण ज्याने तुमच्याजवळ येऊन रडून दाखवलं, त्याचे अश्रू माझ्यासारखीच्या अंगावर लावू नका. आणि रागाच्या भरात लावलेच, तर त्याची वाट बघत बसू नका.

लेलँडचं घर इथून चार मैलांवर होतं.