आता तुम्ही विचारा

"ह्वस म्हणजे कोण, पुरुषासाठी. ह्वो म्हणजे कोण, बाईसाठी. ह्व म्हणजे काय." गॉथिक भाषेची रूपं धडाधड म्हणून ऑपरेटरबाईंनी रुमालाने ओठ टिपले.

वर्गातली पोरं त्यांना याच नावाने हाक मारत. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, आणि निवृत्तीनंतर जुन्या जर्मानिक भाषांचं खूळ डोक्यात शिरलं.

"दोन्ही भाषांच्या मुळातला क आपल्या 'कोण'मध्ये टिकला. त्यांच्याकडे त्याचा ह कसा झाला?" सरांनी विचारलं.

तेही बाईंनी चोख सांगितलं.

मग सरांनी पेन खाली ठेवलं. सरांची रीतच होती: तोंडी परीक्षेच्या शेवटी विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायचा. प्रश्न नाही, तर पास नाही. गेल्या वर्षी बाई "काही नाही, सर" म्हणाल्या आणि नापास झाल्या. घरी नवरा पोट धरून हसला होता.

"माझी रोज उलटतपासणी घेतेस, आणि तिथे दातखीळ बसली होय गं?"

"हं. आता तुम्ही विचारा," सर म्हणाले.

बाईंनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"सर, जुन्या इंग्रजीत बाईला नि पुरुषाला एकच ह्वा. मग ते ह्वो आधी सगळ्यांकडे होतं आणि बाकीच्यांनी टाकलं, की गॉथिकवाल्यांनी मागाहून घडवलं?"

सर खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मागाहून. एक्स्चेंजच्या बोर्डावर दिवा लागला की पलीकडे बाई आहे की बुवा, मला कुठे ठाऊक असायचं? ठाऊक नसतं म्हणून तर माणूस 'कोण' विचारतो."

सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला.

"यावर पुढच्या वर्षी प्रबंध लिहा."

"म्हणजे मी पास?"

"हा तुमचा दुसरा प्रश्न झाला, बाई."

घरचा जिना चढताना आज गुडघे कुरकुरले नाहीत. बाईंनी बेल दाबली.

"कोण?" आतून नवऱ्याचा आवाज.

एरवी त्या लगेच म्हणत, "मीच हो, दुसरं कोण येणार?" आज त्या गप्प, ताठ उभ्या राहिल्या.

"कोण आहे? अहो, बोला की!"

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने त्यांना पहिल्यांदाच अहो म्हटलं होतं. बाईंनी पुन्हा एकदा बेल दाबली.