फोटो काढणारा माणूस

मेडनहेडच्या मराठी मंडळात मला 'एकटे फिरणारे कमलाकर काका' म्हणून ओळखतात. वय अठ्ठावन्न, मूळ गाव नागपूर, नोकरी बँकेच्या रिस्क विभागात, लग्न केलेलं नाही. लोकांना एवढी माहिती पुरते. उरलेल्या जागा ते स्वतःच भरून काढतात आणि बहुधा चुकीच्या भरतात. ते माझ्या पथ्यावरच पडत आलं होतं.

एप्रिलमध्ये मंडळाची सेक्रेटरी ऋजुता हिचा फोन आला. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, तिशीची, आणि नकार ऐकून घ्यायची तिला सवय नाही.

"काका, तुम्ही दरवर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या डेझर्टमध्ये एकटे जाता ना, त्यावर एक सेशन घ्या. सोलो ट्रॅव्हल आफ्टर फिफ्टी. फोटो दाखवा, टिप्स द्या, मग चहा-समोसे. इट विल बी सो इन्स्पायरिंग."

मी हो म्हणालो. हे हात दाखवून अवलक्षण होतं, हे कळत असून म्हणालो. का, ते आधी सांगतो.

मी जातो ते रिसॉर्ट माझ्यासारख्यांसाठी आहे. म्हणजे पुरुषांवर प्रेम करणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या पुरुषांसाठी. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तो खरोखरच एकटा. बुकिंग करताना घरात कोणी नसूनही मी खोलीचं दार लावून घेतलं होतं, एवढा मी शूर. तिथे पाहतो तर बारा खोल्या, मधे पोहण्याचा तलाव, मागे उघडेबोडके डोंगर, आणि तलावाभोवती टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं पोट आत न ओढता हिंडत होती. कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. मला रडूच यायला लागलं. ते दिसू नये म्हणून घाईघाईने पाण्याकडे निघालो, तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय पडला आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

शेजारच्या खुर्चीवरून कोणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "चपला घाला की राव."

तो एझरा. भायखळ्याचा मराठी ज्यू, एकोणिसाव्या वर्षी लंडनला आलेला, गोल्डर्स ग्रीनमध्ये त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माझ्या घरापासून तीस मैलांवर राहणारा माणूस मला पाच हजार मैलांवर भेटला. त्याच्या मराठीला जुन्या मुंबईचा हेल होता, कारण ती तो फक्त आईशी आणि मोठ्या बहिणीशी बोलायचा. मग माझ्याशीही बोलायला लागला.

त्यानंतर कोविडचं एक वर्ष सोडलं, तर दर फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो. दोघांनीही आपापल्या लोकांना सांगायचं, एकटाच चाललोय. तिकिटं वेगळी, विमानंसुद्धा वेगळी. दोघांचा एकत्र फोटो काढायचा नाही, फोनमध्ये नाव ठेवायचं नाही, मेसेज आपोआप पुसले जातील असेच पाठवायचे, हे नियम माझे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणायचो. "कधी उघडून तरी बघ, आत काही शिल्लक आहे का," तो म्हणायचा. पण ऐकायचा माझंच. मला डोंगरापुढे, खजुराच्या झाडाखाली, नाश्त्याच्या टेबलाशी उभं करून तो स्वतःच्या फोनवर माझे फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. इंग्लंडात आम्ही महिन्यातून दोनदा भेटायचो, माझ्या घरी, पडदे ओढून. या देशात दोन पुरुषांना लग्नसुद्धा करता येतं. आम्हाला कोणी अडवलं नव्हतं. मी स्वतःला अडवलं आणि माझ्यापायी तो अडकला.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका मंगळवारी त्याच्याकडून मेसेजला उत्तर येईना, म्हणून दुकानात फोन लावला. गिऱ्हाईक बोलतोय असं सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, मिस्टर एझरा काल संध्याकाळी गेले, हार्ट अटॅक आला.

यानंतर मी जी चूक केली ती इंग्लंडात मुरलेला हिंदूच करू जाणे. इथे आमच्यातलं माणूस गेलं की क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायला दोन-तीन आठवडे लागतात. मंडळातल्या पद्माकरच्या वडिलांना सोळा दिवस थांबावं लागलं होतं. तेवढ्यात त्याचा भाऊ भारतातून व्हिसा काढून आला. मला वाटलं, वेळ आहे. तोवर धीर गोळा करू, कोण म्हणून जायचं ते ठरवू. काळा सूट ड्राय-क्लीनिंगला टाकला. शुक्रवारी सूट घरी आणला, पलंगावर ठेवला आणि अंत्यविधी कधी ते विचारायला दुकानात फोन केला. मुलगी म्हणाली, दफन बुधवारी सकाळीच झालं, ते लोक थांबत नाहीत. दहा वर्षं त्या माणसाबरोबर काढली आणि एवढं मला माहीत नव्हतं. त्याची आई गेली तेव्हा त्याने सांगितलंही असेल. मी लक्ष दिलं नसेल.

पुढे दुकानही बंद झालं. त्याला कुठे पुरलंय ते कोणाला विचारणार? बहिणीचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी गिऱ्हाईक म्हणूनच विचारावं लागलं असतं.

या फेब्रुवारीत पुन्हा रिसॉर्टला गेलो. मॅनेजर टोबीने सवयीने खोलीत दोन माणसांचे टॉवेल ठेवले होते. मी एकाचे परत नेऊन दिले. त्याने काही न विचारता काउंटर सोडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला. संध्याकाळी तलावापाशी नेहमीची मंडळी जमली. जो तो एझराचं काही ना काही सांगत होता. तिथल्या निम्म्या लोकांचे चष्मे त्याने कधी ना कधी खिशातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने नीट केले होते. ते माझ्यासाठी ताट वाढून आणायचे आणि मी जेवेपर्यंत समोर बसायचे. आठ दिवस मी तिथे विधुर होतो. हीथ्रोला उतरलो आणि पुन्हा अविवाहित झालो.

म्हणून ऋजुताला हो म्हणालो. माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर मला एकदा त्याचं नाव घ्यायचं होतं. मी एकटा जात नव्हतो. माझ्याबरोबर एझरा असायचा. तो माझा जोडीदार होता आणि तो गेला. एवढंच बोलायचं होतं. आरशापुढे उभा राहून ते पाठ केलं, शाळेतली कविता केली नसेल इतकं.

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये चाळीसेक माणसं आली. ऋजुताने पोस्टरवर माझा खजुराखालचा फोटो मोठा करून लावला होता. मी सुरुवात करणार तोच पहिल्या रांगेतून मंडळातला संजय म्हणाला, "कमलाकर, आधी लग्न न केल्याचे फायदे सांग. बाकी डेझर्ट आम्ही गूगलवर बघू." हॉलभर हशा पिकला. मीही हसलो. तिथेच माझं अर्धं अवसान गेलं.

मग मी पाऊण तास बोललो. वाळवंटात रात्री थंडी कशी पडते, ट्रॅव्हल इन्शुरन्स कोणता घ्यावा, एकट्याने जेवताना पुस्तक जवळ का ठेवावं. यातलं पुस्तकाचं तर साफ खोटं; एझरा जेवताना एक मिनिट गप्प बसत नसे. पडद्यावर एकामागून एक मी येत होतो आणि प्रत्येक फोटोत ज्याच्याकडे बघून हसत होतो तो कुठेच नव्हता. दर फोटोला मनात म्हणायचो, आता सांगतो. फोटो संपले.

"प्रश्न?" ऋजुताने विचारलं.

मागच्या रांगेत एक बाई उठून उभ्या राहिल्या. सत्तरीच्या आसपास, आखूड पांढरे केस, करडा कोट. मंडळात त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही एकटे जाता म्हणालात," त्या म्हणाल्या. "मग हे फोटो कोण काढतं?"

तो हेल माझ्या ओळखीचा होता. भायखळ्याचा. मला कळायला हवं होतं, आणि आत कुठेतरी कळलंही असणार. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. संजय मान वळवून त्या बाईंकडे बघत होता. पाठ केलेलं सगळं अगदी ओठावर आलं.

"हॉटेलातला एक माणूस आहे," मी म्हणालो. "वेटर. टिप दिली की काढतो."

लोक हसले.

"इतकी वर्षं तोच?"

"हो. तिथे माणसं टिकतात."

"चांगले काढतो," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या झाल्या, समोशांकडे रांग लागली, आणि त्या कोटाची बटणं लावत बाहेर पडताना मला दिसल्या.

मी पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. त्या माझीच वाट बघत होत्या.

"मी हदासा. एझराची बहीण."

त्यांनी पर्समधून फोन काढून माझ्यासमोर धरला. एझराचा फोन. त्यावर मी होतो. त्या बोटाने सरकवत राहिल्या आणि मी येतच राहिलो.

"चारशेच्या वर आहेत. नाव कुठेच नाही, मेसेजही नाहीत. वर्ष होत आलं, मी या माणसाला शोधतेय. माझी मुलगी ईडन तुमच्या ऋजुताच्या ऑफिसात आहे, तिने परवा हे पोस्टर पाठवलं. ममा, मराठी प्रोग्रॅम आहे, तुला आवडेल, म्हणून. बघते तर हाच फोटो." त्यांनी फोन खाली घेतला. "म्हटलं, सगळ्यांसमोर विचारलं तर तुम्हाला सांगायला सोपं जाईल. चुकलंच माझं."

"नाही, चूक माझी आहे. मी आज सांगणारच होतो."

"त्याच्या कबरीचा दगड कोरणाऱ्याला उद्या मजकूर द्यायचाय. मुलगा, भाऊ, मामा, एवढं लिहिलंय. खाली एक ओळ मोकळी ठेवली. त्यासाठी आले होते."

"मग लिहा ना," मी म्हणालो.

"काय लिहू? तुम्ही सांगा. तुमचा शब्द, मी तसाच देते."

तेवढ्यात हॉलचं दार उघडून ऋजुता बाहेर आली, हातात पेपर प्लेट. "काका, चला ना, ग्रुप फोटोसाठी सगळे थांबलेत. अरे, तुम्ही ओळखता यांना?"

हदासांनी फोन पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला अजून वेळ दिला होता त्यांनी. ऋजुता चांगली मुलगी आहे, तिने फार तर डोळे मोठे केले असते आणि मला समोसा दिला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"या," मी म्हणालो, "माझ्या एका ओळखीच्यांच्या बहीण."

ऋजुताने त्यांना नमस्कार केला, आत चहाला बोलावलं. हदासांनी ट्रेनचं कारण सांगितलं. ऋजुता आत गेल्यावर त्यांनी एका कागदावर दफनभूमीचा पत्ता लिहून दिला.

"जूनचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. दगड बसवायचाय. डोकं झाकून या." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गेलो. काळा सूट घातला, वर्षभर प्लॅस्टिकमध्येच होता तो. लंडनच्या उत्तर टोकाला मोठी दफनभूमी आहे, शेजारून मोटरवे जातो. पंचवीस-तीस माणसं होती. प्रार्थना हिब्रूत झाल्या, बोलणं इंग्रजीत. दगडावरचं कापड दूर केलं तेव्हा मी मागून पाहिलं. नाव, तारखा, मुलगा, भाऊ, मामा. त्याखाली गुळगुळीत दगड. हदासांनी ती ओळ भरली नव्हती. भरणार तरी कशाने, मी त्यांना शब्दच दिला नव्हता.

त्यांच्या रीतीप्रमाणे लोक एकेक करून दगडावर खडा ठेवायला लागले. मला जवळ खडाच सापडेना, सगळीकडे राखलेलं गवत. मी वाकून शोधत होतो तेव्हा व्हीलचेअरमधले एक आजोबा मला म्हणाले, "हा घ्या, मी दोन आणलेत." मराठीत म्हणाले. हदासांचे मामा होते ते, नव्वदीच्या घरातले. मी खडा घेतला, ठेवला. हात दगडावरून उचलवेना. परत आलो तरी ते तिथेच होते.

"तुम्ही आमच्यातले नाही," ते म्हणाले. "कोण तुम्ही एझराचे?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. आणि असतं तरी आता मला पर्वा नव्हती.

"मी त्याचा जोडीदार," मी म्हणालो. "दहा वर्षं आम्ही एकत्र होतो. तो माझा होता आणि मी त्याचा."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्याने, आरशाशिवाय बोललो होतो. ते रागावतील, तोंड फिरवतील, असं मला वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मग आम्ही सात दिवस त्याच्यासाठी शोक पाळत घरी बसलो होतो, तेव्हा कुठे होतात?" त्यांनी विचारलं. "दार उघडंच होतं. त्या दिवसांत येणाऱ्याला आम्ही कोण म्हणून विचारत नाही."

"मेडनहेडला होतो," मी म्हणालो. "घरीच होतो."