येते म्हणायचं राहिलं

मंगळवारी सकाळी मीनल "जाते" म्हणून घराबाहेर पडली आणि जिना लांबला. एरवीच्या चौतीस पायऱ्या. पण गुरुवार उजाडला तरी ती उतरतच होती. तिच्या नवऱ्याने, निशिकांतने, कठड्यावरून वाकून पाहिलं. पार खाली तिची पिवळी ओढणी तेवढी दिसत होती.

"दमलीस का गं?" त्याने विचारलं.

"नाही रे. ऑफिसला उशीर होतोय, एवढंच."

आता घरातून निघताना "जाते" कुणी म्हणतं का? मीनलही म्हणत नसे. पण साडेतीन वर्षांच्या रेवाने त्या दिवशी उंबऱ्यातच तिला अडवलं होतं. "तू जातेयस ना? मग येते का म्हणतेस? खोटं बोलू नये." मीनलला घाई होती. "बरं बाई, जाते. झालं समाधान?" ती म्हणाली आणि पहिली पायरी उतरली.

"पोरीच्या नादी लागून असं बोलतात होय?" शेजारच्या गोगटेकाकू कडाडल्या. बोलून झाल्यावर त्यांनी पिठलं-भाकरीचा डबा परडीत ठेवला आणि दोराने खाली सोडला. दोर पुरेना, तेव्हा त्याला स्वतःची लुगडी जोडली. तीन दिवस मीनल जेवली ती काकूंच्या जिवावर. असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

"मीनल, आता म्हण की येते!" निशिकांतने ओरडून सांगितलं.

"येते!" खालून आवाज आला. जिना तसूभरही आखडला नाही.

"ते उंबऱ्यात म्हणायचं असतं. समोर माणूस असताना," काकू म्हणाल्या. "लोणचं राहिलंच की. येते हं." त्या गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. मग मीठ आणायला गेल्या, "येते हं" म्हणून, आणि आल्या. रेवा दारात बसून बघत होती. काकू पाठमोऱ्या झाल्या, की ती बाबाच्या तोंडाकडे बघायची.

संध्याकाळी ओढणीही दिसेनाशी झाली. निशिकांत दोर धरून उंबऱ्यात उभा राहिला. रेवाने आपल्या चपला घातल्या, उलट्यासुलट्या.

"मी आईला आणते."

त्याने तिचा दंड धरला. एक गेली होती, आता ही. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"बाबा, तुला भीती वाटते?"

"वाटते गं."

रेवाने क्षणभर विचार केला. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, काकूंसारखीच मान हलवत ती म्हणाली, "मी येते हं."

हे तिला कुणी पढवलं नव्हतं. इतकं शहाणं लेकरू आपल्या पदरात पडलं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत तेच निशिकांतला कळेना. त्याने हात सोडला. ती एकेक पायरी बसून उतरत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खाली जिना आखडू लागल्यासारखा हातातला दोर सैल पडला. निशिकांत तो वर ओढून गुंडाळू लागला. काकूंची लुगडी आली, त्यामागून त्यांनी कधी न जोडलेली लुगडी आली. ढीग गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. काकू आत जाऊन तांदूळ धुऊ लागल्या, चौघांचे. दोर अजून येतच होता.