हिल्डिंगचा उजवा पाय

(ब्रेक-चाचणीचा तक्ता: शेजारच्या सीटवर बसलेल्या व्यक्तीसाठी. उत्तरे थोडक्यात लिहावीत.)

१. तुमचे नाव व चालकाशी नाते

मायवोर. बायको.

२. चालकाचा अनुभव, वर्षांत

त्रेपन्न, आणि त्यातला बराचसा बर्फावर. उत्तरेकडच्या आमच्या लोमसेले गावात उन्हाळा येतो तो डास सोडायला, आणि लगेच परत जातो. हिल्डिंगचा उजवा पाय आमच्या भागात नावाजलेला आहे. बर्फावर ब्रेक एकदम दाबला की चाकं जाम होतात आणि मग गाडी आपल्याला काही विचारत नाही. म्हणून तो चवड्याने दाब-सोड, दाब-सोड करतो, इतकं हलकं की मांडीवरच्या कपातली कॉफी हलत नाही. लग्नाआधी मला पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा त्याने आधी गोठलेल्या तळ्यावर ब्रेक लावून दाखवला, मग हात धरला.

थोडक्यात: त्रेपन्न.

३. या प्रकारच्या ब्रेकचा पूर्वानुभव (असल्यास)

एकदा.

आमची जुनी गाडी शरद ऋतूत गेली. मुलीने, उल्रिकाने, तिची वापरलेली दिली. जानेवारीत चर्चच्या उतारावर हिल्डिंगने ब्रेक दाबला आणि खालून खर्रर्रर्र असा आवाज आला, कॉफीच्या चक्कीत कुणी खडी टाकावी तसा. पेडल त्याच्या तळव्याला धक्के द्यायला लागलं. त्याने पाय उचलला. कुणीही उचलला असता. आम्ही अगदी शांतपणे घसरत चर्चचं दार ओलांडलं, पाद्रीणबाईंना मान लववली, आणि चर्चच्या सूचनाफलकाला मिठी मारून थांबलो. फलकावर ‘सर्वांचे स्वागत’ असं लिहिलं होतं.

गॅरेजवाल्याने गाडी तीनदा तपासली.

“ब्रेक ठीक आहेत, हिल्डिंग.”

“मग तो आवाज कसला?”

“ठीक असल्याचा.”

हिल्डिंगने किल्ल्या काट्याचमच्यांच्या खणात टाकल्या आणि खण लावून घेतला. माझे डोळे तीन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी गाडीसाठी बाद केलेत, हा तक्तासुद्धा भिंगाने भरतेय. दुकान अडतीस किलोमीटर. बस आठवड्यातून दोनदा जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते, म्हणजे दुधाच्या पिशवीसाठी मुक्काम.

उल्रिकाचा फोन आला. “शेलेफ्तेओ शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे. रविवारी दुपारी तीनला दाखवणार आहेत. मी येते न्यायला.”

“लिफ्टने कुठे जायचं?” मी विचारलं.

“घरी, मम्मा.”

 हिल्डिंग खिडकीतून तळं बघत होता. तर प्रकरण एवढंच आहे: रविवारपर्यंत त्याला ब्रेक दाबून धरता आला पाहिजे, नाहीतर आम्ही लिफ्टमध्ये.

४. चालक या चाचणीत कसा सामील झाला?

हे तुला माहीत आहे, डीटहेल्म, तू आमच्याच बेडरूममध्ये झोपतोस. पण तुझ्या साहेबांना माहीत नसेल, म्हणून लिहिते. दर हिवाळ्यात जर्मनीहून लोक आमच्या गोठलेल्या तळ्यावर ब्रेक तपासायला येतात. आम्ही त्यांना वरचं घर देतो आणि तळघरात राहायला जातो. डिसेंबर ते मार्च अख्खं लोमसेले जमिनीखाली असतं. तळ्यावरचा बर्फ तासून गुळगुळीत करायचं काम तीस वर्षं हिल्डिंगकडे आहे. ज्या ब्रेकसाठी त्याने एवढा बर्फ घासला, तो ब्रेक चर्चच्या उतारापर्यंत त्याने स्वतः कधी दाबलाच नव्हता.

डीटहेल्मचं काम ब्रेकच्या आवाजाचं. मंगळवारी तो तळघरात येऊन कुरकुरत होता.

“लोक आवाजाला घाबरतात आणि नको तेव्हा पाय उचलतात. मला तो घाबरलेला पाय मोजायचाय. पण इथले सगळे चाचणीचे ड्रायव्हर. कुणी घाबरतच नाही!”

मी म्हटलं, “शेगडीजवळ बसलाय बघ एक.”

डीटहेल्म त्याच्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही याल का?”

हिल्डिंगने मागे वळून पाहिलं. “हा आणखी कुणाला बोलावतोय?”

आमच्याकडे सगळे एकमेकांना तू म्हणतात, मुलं मास्तरांनासुद्धा. डीटहेल्मला ते अजून जमत नाही.

५, ६, ७.

हे प्रश्न ब्रेकच्या पंपातल्या दाबाबद्दल आहेत. पुढे जाते.

८. प्रत्येक ब्रेकच्या वेळी आलेला आवाज व चालकाची प्रतिक्रिया

बुधवार. उणे चोवीस. कंपनीची गाडी, आत चार मायक्रोफोन. डीटहेल्म काठावरच्या खोपटात, वायरलेसवर.

“पन्नासच्या वेगाला जोरात दाबा आणि गाडी थांबेपर्यंत धरून ठेवा. तयार?”

“श्फ,” हिल्डिंग म्हणाला, आणि निघाला.

पहिला ब्रेक: खर्रर्रर्र. पाय वर.

दुसरा: खर्रर्रर्र. पाय वर. गाडी गोल फिरली, मला माझंच घर दोनदा दिसलं.

तिसरा: खर्रर्र आणि हिल्डिंगची शिवी. पाय वर.

चौथा: पाय आधीच वर.

“मायवोर, हे पेडल मला ढकलतंय.”

“तूही ढकल.”

“खाली कुणाचा तरी दुसरा पाय आहे. त्याला मी नकोय.”

सातवा: खर्र. पाय वर. यानंतर वायरलेसवरून डीटहेल्मचा वेगळाच आवाज आला. “थांबा, थांबा. चाचणी बंद. पंपातून हवा गळतेय.”

९. याव्यतिरिक्त काही अनपेक्षित आवाज? (हो / नाही)

इथे तिसरा रकाना हवा होता.

गुरुवार आणि शुक्रवार तुमच्या तीन माणसांनी पंप उघडून टेबलावर मांडला. प्रत्येक ब्रेकआधी फुस्स असा आवाज मायक्रोफोनवर उमटत होता, बाकी कुठल्याही ड्रायव्हरच्या वेळी नाही. डीटहेल्म जेवेना. मी गुरुवारचे बटाट्याचे गोळे आत डुकराचं मांस भरून केले होते, तेही तसेच राहिले. आणि इकडे आमचे दोन दिवस वाया चालले होते. शुक्रवारी उल्रिकाचा फोन, जाड चादरी बांधून ठेव म्हणून.

संध्याकाळी मी दोघांपुढे कॉफी ठेवली, सोबत आमच्याकडे कॉफीत बुडवून खातात ते चीज. “चीज टाकू का कॉफीत, हिल्डिंग?”

“श्फ.”

डीटहेल्मचा कप हवेतच थांबला. “पुन्हा करा ते.”

“काय?”

“आत्ता जे केलंत ते.”

“मी काही केलं नाही. हो म्हणालो.”

“ते हो आहे?”

“श्फ,” आम्ही दोघंही म्हणालो.

आमच्याकडे हो म्हणताना ओठ जरासे मुडपून श्वास आत ओढतात. एवढ्या थंडीत एका शब्दासाठी कुणी तोंड उघडत नाही. दर ब्रेकआधी डीटहेल्म ‘तयार?’ विचारायचा आणि हिल्डिंग हो म्हणायचा. पंप दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले होते, आणि तो बिचारा बिघडलाच नव्हता.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” डीटहेल्मने मला विचारलं.

“तू पंपाला विचारत होतास.”

१०. चालकाने पेडल पूर्ण दाबून धरले का? किती सेकंद?

शनिवार सकाळ. आठवा ते अकरावा: पाय वर, पाय वर, पाय वर, शिवी, पाय वर. डीटहेल्म खूश होता, त्याला घाबरलेला पाय मिळाला होता. मी खूश नव्हते. चादरी दाराशी बांधून ठेवलेल्या होत्या.

मी वायरलेस हातात घेतला. “डीटहेल्म, हा खरखराट म्हणजे नक्की काय होतं?”

“चाक जाम व्हायला लागलं की पंप दाब सोडतो. चाक फिरलं की पुन्हा देतो. सोडतो, देतो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा.”

 हिल्डिंगने टोपी मागे सरकवली.

“दाब-सोड,” तो म्हणाला.

“दाब-सोड,” वायरलेसवरून डीटहेल्म म्हणाला.

“सेकंदाला पंधरा?”

“कमाल पंधरा.”

“मी तरुणपणी तीन करायचो.”

“आणि आता?” मी विचारलं.

“आता दोन.” तो खाली पायाकडे बघत राहिला. मग वायरलेसकडे वाकला. “पण भुसभुशीत बर्फात जाम चाकच बरं. पुढे बर्फाचा ढीग साचतो, त्याला अडून गाडी लवकर थांबते. तुझ्या पंपाला कळतं का ते?”

खोपटातून कागद चाळल्याचा आवाज आला. मग: “ते खरं आहे. नाही कळत.”

हिल्डिंगची पाठ दोन बोटं उंच झाली. “चल, मग दाबतो. हा खालचा माणूस कामाला बरा दिसतोय, फक्त घाई फार.”

बारावा: खर्रर्रर्रर्रर्रर्रर्रर्र. पेडल थडथडत होतं, त्याचा गुडघा थडथडत होता, माझे दात वाजत होते. पाय खाली. पुढे लाल शंकू होता. हिल्डिंगने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी, ब्रेक तसाच दाबलेला असताना, शंकूला वळसा घालून थांबली.

“वळली,” तो म्हणाला. “मायवोर, ही वळली!”

त्याच्या पायाने त्रेपन्न वर्षांत हे कधी करून दाखवलं नव्हतं. दुपारपर्यंत त्याने तोच शंकू एकोणीस वेळा चुकवला. डीटहेल्म वायरलेसवरून विनवत होता, “आता थोडं घाबराल का? मला आकडे हवेत.”

सेकंद मी मोजले नाहीत.

११. इतर शेरा

तक्ता शनिवारीच द्यायचा होता. पण रविवार झाल्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं.

उल्रिका अकराला आली. नवऱ्याने तिला गाडीने दारापर्यंत आणून सोडलं आणि तो त्याच्या आईकडे गेला. चादरी पाहून ती खूश झाली. मग तिने पप्पाला काट्याचमच्यांचा खण उघडताना पाहिलं.

“मी चालवतो,” हिल्डिंग म्हणाला.

“पप्पा, नको. मी येताना चर्चचा फलक बघितलाय.”

“तू शेजारी बस. नाही जमलं तर फ्लॅट घेऊन टाकू, उलट बोलणार नाही.”

जेवून निघालो. मी मागे बसले, मांडीवर थर्मास. शेलेफ्तेओच्या वाटेवर वीस किलोमीटर गेले. वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध सहा रेनडियर उभे होते, गावच्या पंचांसारखे.

हिल्डिंगने ब्रेक दाबला.

खर्रर्रर्रर्र.

“पप्पा, मोडलं! काहीतरी मोडलं! पाय उचल!” उल्रिका किंचाळली. तिने त्याची बाही ओढली. “पाय उचल ना!”

मी त्याचा गुडघा बघत होते. तो थडथडत होता. पण खालीच होता. हिल्डिंगने गाडी शेवटच्या रेनडियरच्या मागून कडेला काढली आणि थांबवली. त्या जनावराने खिडकीतून आत पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवलं.

उल्रिका पांढरी पडली होती. “ही गाडी सहा वर्षं माझ्याकडे होती. असा आवाज कधी आला नाही.”

“तू कधी दाबलाच नसशील.”

“मी रोज ब्रेक लावते!”

“लावतेस. दाबत नाहीस. तुझ्या रस्त्यात असं काही उभं राहिलं असतं तर?”

 उल्रिकाला दोन मुलं आहेत, शाळेत तीच सोडते.

पुढे बस वळवायचं रिकामं मैदान आहे, सगळं बर्फ. हिल्डिंग उतरला आणि तिच्या बाजूचं दार उघडलं. “बस स्टिअरिंगवर.”

“पप्पा, तीन वाजता माणूस येणार आहे तिथे.”

“बस.”

पहिला: खर्र. पाय वर.

दुसरा: खर्रर्र. “आई गं!” पाय वर.

तिसऱ्याला ती रडली, चौथ्याला हसली, पाय दोन्ही वेळा वर. हिल्डिंग शेजारून सांगत होता, “घाबर हवं तेवढं, पण पाय खाली ठेवून घाबर.” मी मागे कॉफी ओतायचा प्रयत्न सोडून दिला. तीनला दहा मिनिटं कमी असताना तिचा फोन वाजला. मी नाव वाचलं. फ्लॅटवाला.

“घेऊ का?”

“नको, मम्मा. आत्ता जवळजवळ धरला होता. पप्पा, पुन्हा.”

अकराव्याला तिने धरला. खरखराट संपला, गाडी थांबली, आणि तरी तिने पाय काढला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. फोन पुन्हा वाजून थांबला होता. तिने खाली उतरून पुढच्या टायरवर बोटं फिरवली, बर्फावर पकडीसाठी टायरमध्ये ठोकलेला एकेक खिळा चाचपला आणि खिडकीशी आली.

“खिळे झिजलेत,” ती म्हणाली. “पुढच्या हिवाळ्याआधी नवे टायर घे, पप्पा. या असल्यांवर मम्माला घेऊन फिरायचं नाही.”