भरल्या घरातला आकडा

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. पेनाएवढा लांब, काचेच्या टोकाचा आणि स्वभावाने थोडा तिरसट. पाणी आंबटपणाकडे किती झुकले आहे ते आकड्यात सांगायचे, एवढेच माझे काम. आकडा उतरला की पाणी आंबटले समजावे. कुणाचे मन राखायला आकडा वाढवून सांगणे मला जमत नाही, आणि त्यापायी मी बोलणीही पुष्कळ खाल्ली आहेत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मी नांदलो सोलापुरात, मल्लेश आणि सिद्धेश्वरी यांच्या घरी. सिद्धेश्वरीने हॉलमध्ये समुद्र मांडला होता. सोलापुरात समुद्र कुठला, म्हणाल. गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवून तिने तो काचेच्या टाकीत घरीच केला. त्यात खडक, दोन नारिंगी पट्टेरी मासे आणि एक हिरवे प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरे का, तो जिवंत प्राणी असतो. लग्नानंतर आणलेला नखाएवढा तुकडा तिने जपून जपून तळहाताएवढा केला होता. सासूबाई सावित्रम्मा तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "ज्या घरात अंडं शिजत न्हाय, तितं मासं आणलीस व्हय गं?" आता मासे जेवले का हे विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

मला रोज पाण्यात बुडवत. मी सांगे, आठ पूर्णांक दोन. सिद्धेश्वरी खूश, आणि मीही खूश.

मग वैशाख आला, आणि मल्लेशची बहीण वैष्णवी हिच्या बाळाचे बारसे ठरले. अक्कलकोटहून, दुधनीहून पाहुणे आठवडाभर आधीच येऊन थडकले. बाहेर ऊन असे की कावळा सावली सोडेना. एसी एकट्या हॉलमध्ये. मग काय, खिडक्या गच्च बंद, फटींत जुने टॉवेल कोंबलेले आणि सारे गणगोत टाकीसमोर. जेवण तिथे, गप्पा तिथे, झोपही तिथेच. दुधनीच्या गुरम्मा मावशी तर काचेला नाक लावून बसत. "एष्ट चंद ऐती," असे कानडीत म्हणत, म्हणजे किती छान आहे. मला त्या फार आवडल्या.

पण माझा आकडा उतरू लागला. उतरत उतरत सात पूर्णांक सातवर आला. प्रवाळाने अंग आक्रसून घेतले. हसत्याखेळत्या घरात सिद्धेश्वरी एकटीच टाकीपाशी उभी राहू लागली. तिचे ते जपलेले प्रवाळ वाचते की जाते, तिला कळेना.

"मीटर म्हातारा झालाय," मल्लेश म्हणाला. "टाकून दे, नवा आणू."

मला असा राग आला म्हणता! त्याने पीएच वाढवणारी पावडर पाण्यात टाकली. आकडा चढला, आणि सकाळी पुन्हा खाली. त्याने पुन्हा पावडर टाकली. शेवटी सिद्धेश्वरीने त्याचा हात धरला. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून तिने पाण्यातला क्षार तपासला, तो तर आधीच जास्त होता. "पाण्यात काय कमी न्हाय हो," ती म्हणाली. "आणखी पावडर टाकलीत तर प्रवाळ तुमीच माराल."

मग तिने माझी परीक्षा घेतली. ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो, अशा तपासणीच्या द्रावणात मला बुडवले. मी तोच आकडा सांगितला. "खरं बोलत हुतास की रे," ती म्हणाली आणि पदराने मला पुसले. त्या एका वाक्यावर मी आणखी दहा वर्षे काम करीन.

तेव्हा चूक पाण्यात नाही आणि माझ्यातही नाही. तिने टाकीतले थोडे पाणी पातेल्यात घेतले, गच्चीवर जिन्याच्या सावलीत नेले आणि त्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप लावला. तासाभराने मी सांगितले, आठ पूर्णांक एक. पाणी तेच, हवा तेवढी वेगळी. तिच्या लख्ख ध्यानात आले. बंद घरात एवढ्या माणसांनी सोडलेला श्वास पाण्यात विरघळत होता आणि पाणी आंबट करत होता.

कारण सापडले, पण ते बोलायचे कसे? बारशाला आलेल्या माणसांना श्वास घेऊ नका म्हणायचे?

"मावशीला निघा म्हणू का मी?" मल्लेश कुजबुजला. "अव्वा आधी मलाच भाईर काढंल."

अव्वा म्हणजे त्याची आई, सावित्रम्मा. त्यांचे कान तिखट. त्यांनी सुनेकडून सगळे काढून घेतले, टाकीकडे पाहिले आणि हाक दिली, "गुरम्मा, चटई उचल. आजपास्नं समद्यांनी गच्चीवर झोपायचं. आपन काय एसीत जन्मलो व्हय?"

गुरम्मा मावशी लगबगीने उठल्या. "मी पैल्या दिवशीच म्हननार हुते. त्या गारठ्यानं गुडघं धरल्यात माजं. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप बसले."

त्यावर घर हसून हसून लोळले. रात्री गच्चीवर गाद्या पडल्या आणि खाली खिडक्या सताड उघड्या राहिल्या. दिवसा उन्हात त्या उघडणे शक्यच नव्हते. म्हणून पाण्यात हवा घुसळणारे जे यंत्र टाकीला होते, त्याची हवेची नळी मल्लेशने खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर काढली. आता आत कितीही माणसे बसोत, पाण्याला हवा बाहेरची. बारशाच्या दिवशी पाळणा टाकीजवळच बांधला. मी आठच्या वर होतो आणि प्रवाळ पूर्ण उमलले होते. सिद्धेश्वरी बाळापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होती, आणि कुणीही तिला त्याबद्दल बोलले नाही.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी आठ पूर्णांक तीन दाखवले. सिद्धेश्वरीने आनंदाने सासूबाईंना बोलावले. सावित्रम्मांनी आकडा पाहिला, मग रिकामा हॉल पाहिला.

"चढणारच की," त्या म्हणाल्या. "घरात हाय कोण आता?" आणि त्यांनी दुधनीला फोन लावला. "गुरम्मा, पोरगं रांगायला लागलं की समदी परत या. नळी खिडकीत तशीच ठेवलीया."

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. माझे काचेचे टोक कोरडे पडू देऊ नका, टोपणात नेहमी थोडी ओल ठेवा. आकडा घसरला तर मला टाकून देण्याआधी एक खिडकी उघडून बघा. आकडा सुधारायला माणसे मात्र कमी करू नका.